केस सोडवताना मध्येच गप्प होते. मुलाखत अकरा दिवसांवर आली आहे

रेघोटी

नमस्कार. मी सांख्यिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका मोठ्या कन्सल्टिंग फर्मच्या इंटर्नशिपसाठी अर्ज केला होता, ऑनलाइन परीक्षा पार पडली आणि आता मुलाखतीचं बोलावणं आलं आहे. एकाच दिवशी पाठोपाठ दोन मुलाखती, प्रत्येकी पाऊण तासाची. दोन्हींत आधी अनुभवावरचे प्रश्न, मग केस (एखाद्या संस्थेची अडचण देतात, ती मोठ्याने विचार करत सोडवायची), आणि शेवटची पाच मिनिटं मी त्यांना प्रश्न विचारायचे.

गेल्या महिन्याभरात मैत्रिणीबरोबर चौदा केसेस केल्या. नफा घटल्याची केस, नव्या बाजारात उतरावं का, दुसरी कंपनी विकत घ्यावी का, किंमत किती ठेवावी, सगळ्यांची फ्रेमवर्क, म्हणजे विचार मांडायचे तयार साचे, पाठ आहेत. झोपेतून उठवलं तरी सांगेन. परवा मात्र तिने वेगळीच केस दिली: एका रुग्णालयात एमआरआयसाठी थांबावं लागणारा काळ दहा महिन्यांत पाच दिवसांवरून वीस दिवसांवर गेला आहे, काय करायचं? मी मिनिटभर वेळ मागितला आणि कागदावर उत्पन्न, खर्च, स्पर्धक, ग्राहक असं मांडलं. ती म्हणाली, "लोक थांबून राहिलेत. यात स्पर्धक कुठून आले?" पुढे मला काही सुचेना. दोन मिनिटं नुसती कागदाकडे बघत बसले. तिने मोबाइलवर वेळ लावली होती म्हणून कळलं, नाहीतर मला ती दहा मिनिटं वाटली होती.

दुसरी अडचण अनुभवाच्या प्रश्नाची. "एखाद्या गटात काम करताना अडचण आली आणि ती सोडवलीत असा प्रसंग सांगा" याला मी असं उत्तर तयार केलं आहे:

"आमच्या विद्यापीठाचं ग्रंथालय रात्री आठला बंद व्हायचं. आम्ही सहा जणांनी मिळून विद्यार्थ्यांचा सर्वे केला. आम्ही ४१२ फॉर्म भरून घेतले. नंतर त्यातले काही फॉर्म बाद करावे लागले, पण उरलेल्यांवर आम्ही अहवाल केला आणि ग्रंथपालांना दिला. त्यांनी वेळ अकरापर्यंत वाढवली. यातून आम्ही गटात काम करायला शिकलो."

मैत्रीण म्हणते छान आहे. मला ते कोरडं वाटतं, पण नेमकं काय कमी आहे ते कळत नाही. ही जागा मला मनापासून हवी आहे. अकरा दिवसांत काय करू?

कोरा कागद

रेघोटी, तुझी एमआरआयची केस वाचून मला माझी पहिली मुलाखत आठवली. एका कंपनीचे तीन छापखाने, त्यातला एक बंद करावा का, असा प्रश्न होता. मी चार रकान्यांचं सुबक चित्र काढून समोर सरकवलं. मुलाखत घेणाऱ्या बाई ते बघून म्हणाल्या, "बरं. यातलं आधी काय बघाल?" मी म्हणालो, "सगळंच बघावं लागेल." त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. नंतर फोनवर कळवलं गेलं, निवड झाली नाही. कारण विचारलं तेव्हा मिळालेलं उत्तर अजून लक्षात आहे: "आकडेमोड बरोबर होती. पण तुम्ही विचारात कुठवर पोचला आहात हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही." पुढच्या वर्षी दुसऱ्या फर्ममध्ये इंटर्नशिप मिळाली, मग तिथेच तीन वर्षं नोकरी केली.

पाठ केलेली फ्रेमवर्क टाकून दे असं मी म्हणत नाही. ती कुठून आली ते मात्र लक्षात ठेव. व्यवस्थापनाचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी स्पर्धेच्या पाच शक्ती मांडल्या त्या १९७९ च्या लेखात, एखाद्या उद्योगात नफा का टिकतो किंवा का टिकत नाही हे समजण्यासाठी. बीसीजी या कन्सल्टिंग फर्मचा चार चौकटींचा तक्ता १९७० चा, अनेक धंदे असलेल्या कंपनीने पैसा कुठे घालावा यासाठी. प्रत्येकाच्या मागे एक विशिष्ट प्रश्न होता. रुग्णालयातली रांग हा त्यांच्यापैकी कोणाचाच प्रश्न नाही.

मग सुरुवात कशी करायची? विचारलेल्या गोष्टीचंच गणित मांड. तू सांख्यिकीची आहेस, लिटलचा नियम शिकली असशील, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला: रांगेतली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबण्याचा काळ. तो नियम बोलून दाखवायची गरज नाही. पण त्यातून तुझ्या कागदावरच्या शाखा आपोआप निघतात. रोज किती जण येतात? रोज किती जणांचं स्कॅन होतं? आणि कोणाला आधी घेतलं जातं? एवढंच. या तीन शाखा एकमेकींवर चढत नाहीत आणि मिळून सगळा प्रश्न झाकतात. याच कसोटीला कन्सल्टिंगमध्ये 'मीसी' म्हणतात. मॅकिन्झी या फर्ममध्ये काम करताना बार्बरा मिंटो यांनी तो शब्द रूढ केला. शब्द वापरला नाहीस तरी चालेल, कसोटी वापर.

आता हीच केस आपण पुढे नेऊ. आकडे माझ्या मनाचे आहेत.

समज, तू विचारलंस आणि माहिती मिळाली: दोन यंत्रं, रोज बारा तास चालतात, एका स्कॅनला ४५ मिनिटं. म्हणजे एका यंत्रावर १६, दोन्हींवर ३२ स्लॉट. रोज ३० जणांची मागणी येते. इथे थांबून मोठ्याने म्हण: "कागदावर तर क्षमता मागणीपेक्षा जास्त आहे, मग रांग वाढायला नको होती. म्हणजे ३२ पैकी काही स्लॉट वाया जात असणार. किती लोक येतच नाहीत, किंवा तयारी न करता येतात म्हणून परत पाठवावे लागतात, याची नोंद आहे का?" समोरचा म्हणेल, रोज चार. झालं! प्रत्यक्षात स्कॅन २८, मागणी ३०. रांग रोज दोनाने वाढते. दहा महिने, महिन्याला कामाचे २१ दिवस धरले तर २१० दिवसांत ४२० माणसं. आधी पाच दिवसांची रांग होती म्हणजे पाच गुणिले २८, १४० माणसं. आता ५६०. भागिले २८, वीस दिवस. तुझ्या मैत्रिणीने सांगितलेला आकडा बरोबर जुळला.

तो जुळला की लगेच उपाय सांगत सुटायचा मोह होतो. "आदल्या दिवशी फोन करून आठवण द्यावी, वाया जाणारे स्लॉट चारावरून दोनावर येतील." ठीक आहे. पण आकडा परत बघ. दोनच वाया गेले तर स्कॅन ३०, मागणी ३०. रांग वाढायची थांबली. कमी झाली का? नाही झाली. ती ५६० माणसं तिथेच उभी आहेत, आणि आज नाव नोंदवणाऱ्यालाही अठरा-एकोणीस दिवस थांबावंच लागणार आहे. हे वाक्य जो उमेदवार स्वतःहून बोलतो त्याच्याकडे मुलाखत घेणारा मान वर करून बघतो. मग तू म्हणशील, स्लॉट ४५ वरून ४० मिनिटांवर आणता आला तर एका यंत्रावर १८, एकूण ३६, दोन वाया, ३४ स्कॅन. रोज चार माणसं रांगेतून कमी होतील. ४२० कमी व्हायला १०५ दिवस, म्हणजे पाच महिने. आणि लगेच पुढचं: "पाच मिनिटं कमी केल्याने स्कॅनच्या दर्जावर परिणाम होतो का, ते तंत्रज्ञांना विचारल्याशिवाय मी ही शिफारस करणार नाही. आणि पाच महिने ज्यांना परवडणार नाहीत अशा तातडीच्या रुग्णांचा क्रम आजपासून वेगळा लावायला हवा." तिसरी शाखा इथे कामाला आली.

यात तुला न येणारं गणित कुठे होतं? कुठेच नव्हतं.

गप्प होण्याबद्दल. सुरुवातीला "मला दीड मिनिट द्या, मांडणी करते" असं सांगून घेतलेल्या शांततेला कोणाचीच हरकत नसते. न सांगता आलेली शांतता समोरच्यालाही अवघड करते, कारण मदत करावी की थांबावं हे त्याला कळत नाही. अडकलीस की कुठे अडकलीस ते सांग: "मागणी आणि क्षमता दोन्ही बघून झाल्या, रांग कशामुळे वाढली ते अजून दिसत नाही, मी क्षमतेकडे परत जाऊन एकेक पायरी तपासते." एवढं बोलेपर्यंत बहुतेक वेळा पुढचं दिसायला लागतं. नाही दिसलं तर समोरचा एखादा धागा देतो. तो धागा पकडणं ही नामुष्की नाही, कामावर रोज तेच करावं लागतं.

अजून एक. फर्म कोणती ते तू लिहिलं नाहीस, पण एवढं तपासून घे: मॅकिन्झीत साधारणपणे मुलाखत घेणाराच एकेक प्रश्न पुढे टाकत केस चालवतो, बीसीजी आणि बेनमध्ये बरीचशी केस उमेदवाराने पुढे न्यायची असते. दोन्हींचा सराव वेगळा लागतो. "यानंतर मी अमुक बघेन, कारण तमुक" हे दुसऱ्या प्रकारात पदोपदी बोलावं लागतं.

अकरा दिवसांत अजून तीस केसेस करू नकोस. सहा कर, आणि त्यातल्या तीन दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, एकटीने, मोठ्याने बोलून कर.

पाढेवाली

कोरा कागद यांनी केसबद्दल सांगितलंच आहे, मी फक्त आकड्यांबद्दल लिहिते, कारण माझी मुलाखत तिथेच फसता फसता राहिली. (मला ऑफर मिळाली, दोन महिने इंटर्नशिप केली, आता शेवटच्या वर्षाला आहे.)

तू पाढे मराठीत पाठ केले असशील तर हे नीट वाच. मराठीत आपण एकक आधी बोलतो. त्र्याहत्तर म्हणताना तीन आधी येतो, सत्तर नंतर. इंग्रजीत उलट. मुलाखत इंग्रजीत, डोक्यात पाढे मराठीत, आणि हात लिहितोय तिसरंच. मी 'अडतीस' मनात म्हटलं आणि कागदावर ८३ लिहिलं. पुढची सगळी आकडेमोड ८३ वर. उत्तर अव्वाच्या सव्वा आलं तेव्हा जाणवलं. मी सरळ म्हणाले, "हे उत्तर अपेक्षेच्या दुप्पट आहे, माझी कुठेतरी चूक झाली आहे, मागे जाऊन बघते." चूक सापडली, दुरुस्त केली, पुढे गेले.

नंतर एक सवय लावून घेतली: आकडा आधी लिहायचा, मग लिहिलेला वाचून बोलायचा. डोक्यातून थेट तोंडात नाही. गुणाकार मराठीतच कर, तो वेग सोडू नकोस. एकवीस चोक चौऱ्याऐंशी हे जितक्या लवकर येतं तितक्या लवकर इंग्रजीत माझं तरी येत नाही.

दुसरा खड्डा म्हणजे लाख-कोटी. केसमधले आकडे मिलियन-बिलियनमध्ये येतात. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. हे सगळ्यांना माहीत असतं, पण घाईत एक शून्य इकडेतिकडे होतंच. केस सुरू झाली की कोणत्या एककात काम करायचं ते ठरव, कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिही आणि शेवटपर्यंत बदलू नकोस. मी तर शून्यं लिहीतच नाही. ३२० मिलियन भागिले ४० हजार असेल तर ३२० भागिले ४० म्हणजे ८, आणि मिलियन भागिले हजार म्हणजे हजार. आठ हजार.

अंदाजाच्या प्रश्नांत (विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या किती रांगा लागतील वगैरे) नेमका आकडा कोणालाच नको असतो. गर्दीच्या तासाला तीन हजार प्रवासी धरले, एका रांगेतून तासाला दीडशे सुटतात असं धरलं, तर वीस रांगा. ही दोन 'धरलं' तू कशावरून धरलीस तेच ऐकायचं असतं. दीडशे का? कारण साधारण २४ सेकंदांना एक माणूस. हे बरोबर वाटतं का? ट्रे ठेवायचा, कमानीतून जायचं, मध्येच कोणाची तरी बॅग उघडायची. वाटतं. असं बोल. भौतिकशास्त्रातल्या एन्रिको फर्मी यांचं नाव या प्रश्नांना चिकटलं आहे. १६ जुलै १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीच्या वेळी त्यांनी हातातले कागदाचे कपटे सोडले, स्फोटाच्या दाबाने ते साधारण अडीच मीटर सरकले, आणि त्यावरून त्यांनी ताकद दहा हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढी असावी असं सांगितलं. प्रत्यक्षातली ताकद वीस हजारांच्या वर होती. तरी कपट्यांवरून एवढ्या जवळ जाता आलं. अंदाजाच्या प्रश्नात तुझ्याकडून अपेक्षा आहे ती एवढ्याच जवळ जाण्याची.

रेघोटी

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री एमआरआयची केस कोरा कागद यांच्या पद्धतीने पुन्हा केली, कॅल्क्युलेटर न घेता. "रांग थांबली पण कमी झाली नाही" हे माझ्या लक्षात आलंच नव्हतं, वाचल्यावर अंगावर काटा आला. रांगेचं गणित गेल्या सत्रात मी परीक्षेत लिहिलं आहे. चांगले गुणही मिळाले होते. ते इथे लागू होतं असं एकदाही मनात आलं नाही.

आणि हो, पाढे मराठीतच आहेत. अडतीसचं वाचून सरावाचे जुने कागद काढले. दोन ठिकाणी आकडे उलटे लिहिलेले सापडले.

अनुभवाच्या उत्तराबद्दल कोणी सांगेल का?

तिसरी खुर्ची

मी सांगते. गेली पाच वर्षं मी अशा मुलाखती घेते आहे, मोठ्या फर्ममध्ये, इंटर्नसाठीच्याही.

तुझं उत्तर मी दोनदा वाचलं आणि त्यातली 'आम्ही' मोजली. सहा ओळींत चार वेळा. 'मी' एकदाही नाही. आपल्या बोलण्यात ही मुरलेली सवय आहे. स्वतःचं नाव पुढे केलं की मिरवल्यासारखं वाटतं, म्हणून आपण आम्हीच्या मागे उभे राहतो. मला ती सवय आवडते. पण खुर्चीच्या या बाजूला बसून माझ्यासमोर अर्धं पान कोरं राहतं. गटातल्या सहाही जणांनी अर्ज केला आणि सहाही जणांनी हेच उत्तर दिलं, तर मी कोणाला निवडू?

मुलाखत संपल्यावर मला लिहून द्यावं लागतं: या उमेदवाराने स्वतः काय ठरवलं, का ठरवलं, कोणाचा विरोध झाला, त्यावर ती काय म्हणाली, शेवटी काय झालं. म्हणून मी खोदत जाते. "तेव्हा तुम्ही नेमकं काय बोललात?" असं मी शब्दशः विचारते. घडलेला प्रसंग असेल तर उमेदवार क्षणभर आठवतो आणि सांगतो. रचलेला असेल तर पुन्हा गोळाबेरीज सुरू होते: चर्चा केली, मार्ग काढला, समन्वय साधला. मॅकिन्झीसारख्या ठिकाणी तर एकाच प्रसंगावर दहा-पंधरा मिनिटं प्रश्न विचारतात. त्यामुळे पाच प्रसंग वरवर तयार करण्यापेक्षा तीन प्रसंग तळापर्यंत आठवून ठेव. काय वार होता, कोण कुठे बसलं होतं, इथपर्यंत.

परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम या क्रमाने सांगायचं हे तू वाचलं असशीलच. क्रम चांगला आहे, पण बहुतेक जण परिस्थितीवर दोन मिनिटं घालवतात आणि कृती दोन वाक्यांत उरकतात. उलट कर. ग्रंथालय आठला बंद व्हायचं, एवढी परिस्थिती पुरे.

आता मला खरं कुतूहल आहे ते वेगळ्याच वाक्याचं. "नंतर त्यातले काही फॉर्म बाद करावे लागले." तू हे घाईघाईने लिहून पुढे गेलीस. किती फॉर्म? का बाद करावे लागले? कोणाच्या लक्षात आलं? बाकीचे लगेच तयार झाले का? माझ्यासमोर असतीस तर मी सर्वेचं बाकी सगळं सोडून इथेच थांबले असते.

शेवटच्या पाच मिनिटांबद्दल थोडक्यात: संकेतस्थळावर उत्तर सापडेल असं काही विचारू नकोस. समोरच्या माणसाने सध्या केलेल्या कामाबद्दल विचार आणि उत्तर मनापासून ऐक.

रेघोटी

तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार करत होते म्हणून उशीर झाला. उत्तर इथे लिहून बघते.

३८ फॉर्म. ते माझ्या लक्षात आले. माहिती संगणकात भरायचं काम माझ्याकडे होतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी एक गठ्ठा भरताना दिसलं की लागोपाठ सगळ्यांत 'हो' आहे, सगळ्यांत टिकची शेपटी डावीकडे वळलेली आहे आणि शाई एकच, जांभळट. आमच्यातल्याच एकीने वसतिगृहात बसून भरले होते. वेळ कमी होता, चारशेचा आकडा गाठायचा होता. मी तिच्या खोलीवर गेले. काय बोलले ते आठवतंय: "हे मी भरणार नाही. तू सांगणार आहेस की मी सांगू?" ती रडली. मग सोमवारी तिनेच सगळ्यांना सांगितलं. दोघांचं म्हणणं होतं की राहू देत, कोणाला कळणार आहे? तेव्हा मी दोन्ही आकडे काढून दाखवले. त्या फॉर्मसकट ७१ टक्के विद्यार्थी वेळ वाढवण्याच्या बाजूने, ते काढले तर ३७४ फॉर्म आणि ६८ टक्के. तीन टक्क्यांसाठी आपण खोटं का बोलायचं, असं मी विचारलं. अहवालात ३८ फॉर्म बाद केल्याचं लिहिलं.

हे मुलाखतीत सांगायचा विचार मी केलाच नव्हता. तिची चूक चव्हाट्यावर आणल्यासारखी वाटत होती. काल तिलाच विचारलं. ती म्हणाली, "सांग. माझं नाव घेऊ नकोस, बाकी सगळं सांग." माझ्या सगळ्या मॉक (सरावाच्या) मुलाखती तिनेच घेतल्या आहेत. एमआरआयची केसही तिचीच.

तिसरी खुर्ची

हेच सांग. यातला एक शब्द बदलू नकोस. फक्त "तीन टक्क्यांसाठी" याआधी क्षणभर थांब, आकडे समोरच्याच्या कानात उतरू देत.

कोरा कागद

रेघोटी, मुलाखतीनंतर केस काय होती ते इथे लिहू नकोस. बहुतेक फर्म तसं न करण्याची विनंती करतात. कशी गेली ते मात्र नक्की लिही.

रेघोटी

काल मुलाखती झाल्या.

पहिलीतली केस बरी गेली. मांडणीला वेळ मागितला, मिळाला. मध्ये एकदा अडकले, तेव्हा "मी इथवर आले आहे, पुढचं अजून दिसत नाही" असं म्हणाले. समोरच्या सरांनी तक्ता माझ्याकडे सरकवला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथून पुढे गेले. कागदाच्या कोपऱ्यात एकक लिहिलं होतं, एकही आकडा उलटा पडला नाही.

दुसरीत मात्र एक शाखा पूर्ण सुटली. शेवटी शिफारस सांगताना लक्षात आलं, तेव्हा तसं सांगितलं आणि ती तपासल्यावर शिफारस कुठे बदलू शकते तेही सांगितलं. त्या बाईंनी काही प्रतिक्रिया दिली नाही, लिहून घेतलं.

अनुभवाचा प्रश्न दोन्हींकडे आला. दुसऱ्या मुलाखतीत फॉर्मचा प्रसंग सांगितला. बाईंनी सात-आठ प्रश्न विचारले. "तिने सांगायला नकार दिला असता तर?" याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी म्हणाले, मी सोमवारी सगळ्यांना सांगितलंच असतं, पण तिला आधी रविवारपर्यंत वेळ दिला असता. शेवटचा प्रश्न होता, ती मैत्रीण आता बोलते का. म्हटलं, बाहेर बाकावर बसली आहे, माझी पिशवी सांभाळत.

आज दुपारी फोन आला. पुढच्या फेरीला बोलावलं आहे, येत्या गुरुवारी, दोन पार्टनरांबरोबर, म्हणजे फर्मच्या भागीदारांबरोबर. पार्टनरांच्या मुलाखतीत केस अशीच असते की गप्पांच्या ओघात येते? बुधवारी संध्याकाळी कोणी एक मॉक घेऊ शकेल का?

तिसरी खुर्ची

बऱ्याचदा गप्पांच्या ओघातच येते, कागद पुढे न ठेवता, आणि ती केस सुरू झाली आहे हेही सांगितलं जात नाही. तू तुझा कागद जवळ ठेव. बुधवारी सात वाजता मी मोकळी आहे, निरोप टाक. मैत्रिणीलाही बसव, तिने केस चांगली दिली होती.